मोराच्या मानेचं वळण

भाऊबीजेला निनादच्या घरी दिवाणावर दोन खोकी ठेवलेली होती. केतकीची नजर ओवाळणीच्या ताटाआधी त्यांच्यावर गेली.

एक खोकं चंदेरी कागदात गुंडाळलेलं, वर निळी फीत. दुसऱ्यावर मिक्सरचं चित्र होतं. म्हणजे ते मिक्सरचंच खोकं होतं. निनादने ते कुठूनतरी आणून वरून चिकटपट्टी मारली होती.

'चंदेरी आपलं,' केतकी मनात म्हणाली, आणि असं मनात यावं याची तिला जरा लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि अजून खोकी मोजतेय.

"आधी ताई, मग ताई," वहिनी ताटात निरांजन ठेवत म्हणाली. "आमच्याकडे हाक मारायची सोय नाही बाई. एकीला मारली की दोघी वळतात."

दुसरी ताई म्हणजे अश्लेषा. पैठणीचे माग असलेल्या घरातली सून. तिचा एकुलता एक भाऊ अपघातात गेला होता. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं, तशी तीही गच्चीवर उभी राहून ओवाळायची. सात वर्षांपूर्वी ते शेजारच्या गच्चीवरून निनादला दिसलं. "चंद्राला कशाला? मी आहे की," असं तो म्हणाला आणि पुढच्या वर्षी ती खरोखरच ताट घेऊन आली. तेव्हा केतकीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी आटल्यानंतरची गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. 'ताई' हा शब्द तिचा एकटीचा होता. निनाद बोलायला लागला तेव्हा आईच्या आधी तो शब्द शिकला होता.

तरी एक बरं होतं. अश्लेषाला तो 'अहोजाहो' करायचा.

दोघींनी ओवाळलं. निनादने चंदेरी खोकं उचललं आणि अश्लेषापुढे धरलं.

"हे घे ताई, तुझं."

घे. तुझं. केतकीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"आणि हे तुला, ताई," म्हणत त्याने मिक्सरचं खोकं तिच्याकडे सरकवलं.

"काय रे निन्या, चटणी वाटायची का?"

सगळे हसले. तीही हसली.

"वाटून बघ," निनाद म्हणाला. त्याचे डोळे लहानपणी काही लपवलं की चमकायचे तसे चमकत होते. "पण आठवडाभर वापरल्याशिवाय मला एक शब्द बोलायचा नाही. मग सांग, काही ओळखीचं वाटतंय का."

अश्लेषाने तोवर फीत सोडून आतल्या नव्या कॉम्प्युटरवरची चिठ्ठी वाचली होती. "अगंबाई! वळणचिप बसवलीस? आणि कोरी?"

"कोरी करकरीत. तुझा हात लागेल तशी वळेल."

निनादचं दुकान येवल्यात स्टेशन रोडला होतं. कुणी भाच्यासाठी, कुणी निवृत्त झालेल्या वडिलांसाठी कॉम्प्युटर भेट द्यायचा म्हणून येई, आणि आपला आकडा दबक्या आवाजात सांगे. निनाद तो आकडा कधी मोठ्याने म्हणत नसे. तो विचारी, "ते दिवसभर करतात काय?" आणि मग भाग निवडायला घेई. गेम खेळणाऱ्या पोराला झगमगते दिवे नकोत, थंड ठेवणारा पंखा चांगला हवा. वडिलांना वेग नको, मोठा स्क्रीन आणि जाड अक्षरांचा कीबोर्ड हवा. "दिसतं त्यावर कमी घालायचं, दिसत नाही त्यावर जास्त," हे त्याचं धोरण होतं. केतकीला ते पाठ होतं. त्या दिवशी ते तिला आठवलं नाही.

*

वळणचिप तोवर घराघरांत पोचली होती. साध्या चिपमध्ये हिशेब एकीकडे होतो आणि आठवण दुसरीकडे राहते. वळणचिपमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी. धातूच्या दोन पातळ थरांमध्ये ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यात काही जागी ऑक्सिजनचे अणू कमी असतात. वीज वाहिली की या रिकाम्या जागा किंचित सरकतात, आणि सरकल्या की विजेला होणारा विरोध बदलतो. वीज बंद केली तरी तो बदल तसाच राहतो. गवतातून रोज त्याच बाजूने गेलं की पायवाट पडावी, तसं. एका चिपमध्ये असे कोट्यवधी सांधे.

अशी चिप चित्र साठवत नाही. ती चित्र काढणाऱ्याची सवय साठवते. तुम्ही पाटीवर लेखणी टेकवली, रेघ सुरू केली, की ती रेघ तुम्ही कुठे नेणार याचा अंदाज चिप बांधते आणि हाताला आधार देते. हात थरथरला तर ती सावरते. या चिपची नक्कल करता येत नाही, कारण सांधे मोजायचे तर त्यांतून वीज सोडावी लागते आणि वीज सोडली की ते बदलतात. ती पुसता मात्र येते. चिपच्या पोटातलीच तार तापवली की सगळ्या रिकाम्या जागा पुन्हा एकसारख्या पसरतात. याला दुकानदार 'वळण उतरवणं' म्हणत.

त्यामुळे बाजारात दोन प्रकार झाले. कोरी चिप महाग. वापरून उतरवलेली स्वस्त, पण ती पुरती उतरलेली असेलच याची खात्री नसे. मनमाडच्या एका वकिलाने अशी घेतली, तर त्याच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी मशीन 'तुझीच' असा शब्द सुचवू लागलं, अशी गोष्ट लोक चवीने सांगत.

केतकी पैठणीची नक्षी आखून देत असे. मागावर चढण्याआधी पदराचा आलेख लागतो, कुठल्या धाग्यावर कुठला रंग, चौकटीत चौकट. तिचा बांगडी मोर एकेकाळी येवल्यात प्रसिद्ध होता. गोल बांगडीच्या आत मान मागे वळवून बसलेला मोर. त्या मानेतच सगळी गंमत. जरा जास्त वळली तर मोर दुखावल्यासारखा दिसतो, कमी वळली तर कोंबडा. मग तिच्या मनगटातली नस दबली. शस्त्रक्रिया झाली, हात परत आला, पण अंगठ्यातली बारीक जाण परत आली नाही. त्या वर्षी तिने रागाच्या भरात आपलं जुनं मशीन निनादकडे भंगारात टाकून दिलं. तो शिकत असताना त्या मशीनमध्ये काहीबाही बसवून बघायचा. म्हणाली, घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको. त्यानंतर ती फक्त काठ आखत होती. सरळ, पुन्हा पुन्हा तेच.

आता विणकर सोसायटीला नवा पदर हवा होता. ज्याचा नमुना पसंत पडेल त्याने पूर्ण पदर आखायचा, आणि पदराच्या कोपऱ्यात आखणाऱ्याचं नाव विणलं जाणार. केतकीला ते हवं होतं. तिला ते इतकं हवं होतं की तिने घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. अश्लेषाही नमुना देणार, हे तिला ठाऊक होतं.

*

घरी येऊन तिने मशीन सुरू करण्याआधी कॅबिनेट उघडलं. दुकानदाराची बहीण, इतकं तिला येत होतं.

आत बघून तिचा चेहरा उतरला. मदरबोर्डच्या खाचेत चिप थेट बसलेलीच नव्हती. मध्ये एक हिरवी पट्टी होती, हाताने डाग दिलेली, आणि तिच्यावर चिप. चिपच्या कडा घासलेल्या. म्हणजे जुनी. जुगाड करून बसवलेली. आणि तिच्या पाठीवर काळ्या मार्करने निनादच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता.

ताईची.

केतकी बराच वेळ तो शब्द बघत राहिली. म्हणजे हे असं होतं. अश्लेषाला नवी चिप द्यायची म्हणून तिची जुनी काढून घेतली आणि ती इथे बसवली. एका ताईची उतरलेली दुसऱ्या ताईला. लहानपणी आतेबहिणीचे उतरलेले फ्रॉक तिला यायचे, त्यांच्या आतल्या बाजूला असंच नाव लिहिलेलं असे.

तिने कॅबिनेट बंद केलं. मशीन परत करून टाकावं असं वाटलं. मग तिने लेखणी उचलली, कारण नमुना द्यायचा होता आणि काठ आखायचं तिचं मशीन पार थकलं होतं.

बांगडीचा गोल काढून तिने मोराची मान सुरू केली. नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अंगठा अडखळला. आणि तेवढ्यात रेघेखालून कुणीतरी हात दिल्यासारखं झालं. मान वळली. ती अगदी शेवटच्या क्षणी, बांगडीला टेकता टेकता वळली, आणि मोर असा बसला की जणू त्याला कुणीतरी मागून हाक मारली आहे आणि तो वळून बघतोय, पण ओ देणार नाहीये.

केतकीने लेखणी उचलून धरली.

'किती आगाऊपणा या रेघेत,' तिला वाटलं. 'इतक्या उशिरा वळायचं म्हणजे चुकणारच नाही याची किती खात्री!' अश्लेषाचा हात इतका तयार झाला कधी? सोसायटीत तिचे आलेख तिने पाहिले होते. बरे होते, सावध होते. मग हे घरी लपवून ठेवत होती की काय?

तिने तो मोर पुसला. परत काढला. परत तसाच आला. तिसऱ्यांदा तिने पुसला नाही.

आठवडाभराने निनादचा फोन आला. "काय मग? ओळखलंस?"

"काय ओळखायचं?"

"काहीच ओळखीचं वाटलं नाही? हात लावल्यावर?"

त्याच्या आवाजातलं हसू तिला झोंबलं. "चांगलं चालतंय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हाताचं आहे, एवढं कळतंय."

"दुसऱ्याच्या?" मग तो हसला. "बरं बरं. अजून वापर. कळेल तुला. मी सांगणार नाही."

'सांगू नकोस,' तिने मनात म्हटलं. 'तुमचं गुपित तुमच्याकडे ठेवा.'

*

सोसायटीचे भावसारकाका मोठ्या टेबलावर नमुने पसरून बसले होते. केतकीच्या मोरापाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असा मोर बघून किती वर्षं झाली गं," ते म्हणाले. "पूर्ण पदर कर. महिनाअखेर दे."

तिला आनंद व्हायला हवा होता. ती बाहेर आली तर पायऱ्यांवर अश्लेषा उभी.

"केतकीताई, मिळालं ना तुम्हाला? मला वाटलंच." तिचा चेहरा खरंच फुलला होता. "काका मला मोर दाखवत होते. मी तर बघतच राहिले. मी तुमचेच जुने आलेख गिरवून शिकले ना, मला माहितीय त्या मानेचं काय असतं ते. माझी मान अजून अलीकडेच वळते."

'नाटकी,' केतकीला वाटलं. "तुझं नवं मशीन काय म्हणतंय?"

"कोरं आहे हो, काही सुचवतच नाही. बालवाडीतल्या पोरासारखं माझ्या तोंडाकडे बघत बसतं. जुन्याची सवय झाली होती."

"जुनी चिप काय केलीस?"

"निनादने काढून घेतली. म्हणाला, कुणाच्या तरी कामाला येईल."

ती हसत होती. तिच्या हसण्यात काही नव्हतं, आणि नेमकं तेच केतकीला सहन झालं नाही. आपल्याकडे काय आलंय हे हिला पक्कं ठाऊक असणार. उद्या पदर विणला जाईल, कोपऱ्यात 'केतकी' असं नाव येईल, आणि प्रत्येक वेळी तो मोर बघून ही असंच गोड हसेल.

"येते मी," केतकी म्हणाली. "भाजी टाकायचीय."

भाजी तिने टाकली नाही. घरी आली ती तडक मशीनसमोर बसली. दुपार होती, खिडकीतून शेजारच्या मागाची खटखट ऐकू येत होती. तिने मघाचा मोर पडद्यावर मोठा केला. मानेची रेघ तिला आता गळ्यात अडकलेल्या काट्यासारखी दिसत होती. चिपशिवाय पूर्ण पदर होणार नव्हता, हे ती जाणून होती. नमुन्यात एकच मोर होता. पदरात मोरांची रांगच्या रांग, आणि सोसायटीच्या नियमाने प्रत्येक हाताने आखलेला हवा. एकच मोर चिकटवत नेला की पदर छापील दिसतो. चिप गेली की काम गेलं.

'जाऊ दे,' तिने ठरवलं. 'काम गेलं तरी चालेल. तिच्या हाताने मिळालेलं नको.'

मशीनने विचारलं, 'वळण उतरवायचे? ही क्रिया परत फिरवता येणार नाही.' तिने हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा हो म्हटलं. कॅबिनेटचा पंखा जोराने फिरू लागला, टेबलाला हात लावला तर ऊब लागत होती. मग पंखा मंदावला. 'चिप कोरी झाली आहे.'

तिने लेखणी टेकवली आणि मान काढली. अंगठा अडखळला. रेघ वाकडी झाली, आणि कुणी हात दिला नाही.

*

निनाद दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. "भावसारकाका दुकानात आले होते. म्हणाले, तुझी बहीण परत आली. त्यांनी एका नजरेत ओळखलं, आणि तू ओळखत नाहीस! दाखव, दाखव ना काढून."

"आता नाही येत. मी चिप उतरवली."

निनादच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

"काय केलीस?"

"उतरवली. ताईची चिप तुझ्या त्या ताईलाच लखलाभ. मला नको उतरलेलं. लहानपणी पुष्कळ घातलं."

तो खुर्चीत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "कुठली ताई?"

"तूच लिहिलंयस ना तिच्यावर? ताईची."

"ताई," निनाद म्हणाला, "अगं, मी तुला आणखी काय म्हणतो?"

शेजारचा माग मध्येच थांबला होता. बहुधा धागा तुटला असावा.

"तू ते मशीन भंगारात दिलंस ना," तो सांगू लागला. "त्याच्यात मी एक चाचणीची चिप बसवली होती. शिकत होतो तेव्हा, इन्स्टिट्यूटमधून आणलेली. तेव्हा कुणी वळणचिप म्हणत नव्हतं तिला, तुला मी 'मदतनीस' म्हणून सांगितलं होतं, तू लक्षही दिलं नाहीस. चांगली पाच वर्षं तू तिच्यावर मोर काढलेस. मी ती काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. आताच्या बोर्डांत ती बसत नाही, खाच वेगळी. ती हिरवी पट्टी मी स्वतः केली, ताई. तीनदा फसली. सगळा वेळ आणि पैसा तिच्यातच गेला म्हणून मिक्सरचं खोकं." तो थांबला. "अश्लेषाताईला काय, कोरी घेतली आणि बसवली. दुकानात मिळते. तिची जुनी मी पलीकडच्या शाळेला दिली."

केतकीने आपल्या हाताकडे पाहिलं.

दुसऱ्याच्या हाताचं आहे, एवढं कळतंय. असं म्हणाली होती ती. आगाऊ म्हणाली होती त्या रेघेला. पस्तिशीच्या आतली, मनगट न दुखणारी, आपण चुकणार नाही अशी खात्री असलेली एक बाई इतके दिवस तिच्या अंगठ्याला आधार देत होती, आणि केतकीने तिचा जीव जाईस्तोवर हेवा केला होता.

"तू सांगितलं का नाहीस?" ती ओरडली.

"मला वाटलं, तू ओळखशील!" तोही ओरडला. मग त्याचा आवाज फुटला. "मला तेवढं बघायचं होतं. तू ओळखताना."

त्याने पेढे टेबलावर ठेवले आणि तो गेला. दारात थांबला नाही.

*

चिपची नक्कल नव्हती. जुने आलेख होते, कपाटात गुंडाळून ठेवलेले, पण चिपला आलेख दाखवून उपयोग नसतो. तिला हात लागतो, हलता, दाब देणारा, वळण घेणारा. आणि केतकीचा आताचा हात चिपला शिकवायला गेला तर चिप अडखळणंच शिकली असती.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिला ते सुचलं. सुचल्याबरोबर तिने ते मनातून हाकलून दिलं. संध्याकाळपर्यंत ती ते हाकलत राहिली.

मग तिने फोन केला.

अश्लेषा लगबगीने आली, केसांत धाग्याचे तुकडे अडकलेले. "काय झालं केतकीताई? निनाद काही बोलतच नाहीये. भांडलात का?"

केतकीने तिला सगळं सांगितलं. काही वगळावं असं तिला दोन ठिकाणी वाटलं. तिने वगळलं नाही. अश्लेषा ऐकत राहिली. तिचं नाव कशाकशात आलंय हे कळत गेलं तसतसा तिचा चेहरा आखडत गेला. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला माझा इतका राग येत होता?"

"हो."

"सहा वर्षं?"

"हो."

अश्लेषा खिडकीबाहेर बघत राहिली. ती आता उठून जाईल असं केतकीला वाटलं, आणि गेली असती तर ते बरोबरच होतं.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"माझे मोर गिरवून शिकलीस म्हणालीस ना," केतकी म्हणाली. "माझा तो हात आता कुठेच उरलेला नाही. उरला असला तर तुझ्यात. बस इथे. मोर काढ, चिप शिकेल."

अश्लेषाने खुर्ची पुढे ओढली. "पदरावर नाव?"

"दोघींचं."

"आधी कुणाचं?"

केतकीने तिच्याकडे पाहिलं. अश्लेषा हसत नव्हती. पहिल्यांदाच ती केतकीकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"ते मोर झाल्यावर भांडू," केतकी म्हणाली.

अश्लेषाने लेखणी टेकवली. बांगडीचा गोल सुबक आला. मान सुरू झाली आणि निम्म्यात वळली, सावध, शहाण्यासारखी.

"अलीकडे वळलीस."

"माहितीय. तिथे पोचले की भीती वाटते."

"भीती वाटली की अजून थोडं पुढे जायचं. पुसून टाक."

दुसरा मोर. तिसरा. केतकीने आपला बोथट हात तिच्या हातावर ठेवला. दाब देता येत नव्हता, पण थांब कुठे आणि चल कुठे, एवढं त्या हाताला अजून माहीत होतं. "चल," ती म्हणाली. "चल. अजून. आता!"

रेघ बांगडीला टेकता टेकता वळली.

मशीनच्या पोटात, त्या 'ताईची' असं लिहिलेल्या चिपच्या पापुद्र्यात, पहिली पायवाट नुकतीच उमटली होती.

"आता हात काढा," अश्लेषा म्हणाली. "एकटीने बघते."

केतकीने हात काढला. अश्लेषाने नवा गोल काढला, मान उचलली, आणि शेवटच्या क्षणापर्यंत नेली. केतकीने कधी नेली होती त्याहूनही केसभर पुढे. मग वळवली. मोराने मागे पाहिलं.

असा मोर केतकीलाही कधी जमला नव्हता.

तिच्या छातीत ओळखीची कळ उठली, तीच, सहा वर्षांची. या वेळी तिने ती लगेच ओळखली.

"छान," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी थोडाच कडवट निघाला. "आता दुसरा काढ."